बाहेरच्या भिंतीचा गिलावा त्याच जागी पुन्हा सुटतोय? पडलेला तुकडा उलटा करून पाहा

गिलाव्याचा मोठा पोपडा खाली आला की आधी झाडू हातात घेतला जातो आणि मग गवंड्याची शोधाशोध सुरू होते. झाडू जरा थांबू द्या. तळहाताएवढा एक तुकडा उचला, उलटा करा आणि त्याची पाठ उजेडात तिरकी धरा. गिलावा का सुटला याचा पुरावा त्या पाठीवर असतो. तो कचऱ्यात गेला की पुढची सगळी दुरुस्ती अंदाजावर चालते, आणि त्याच जागी तिसऱ्यांदा पॅच मारायची वेळ येते.

पाठ कशी वाचायची, ते असं:

- पाठ सपाट, राखाडी, गुळगुळीत आणि तिच्यावर फळीच्या किंवा प्लायच्या रेघा उमटलेल्या: तुकडा काँक्रीटच्या बीमवरून किंवा कॉलमवरून सुटलाय. टाचे (गिलावा धरावा म्हणून छिन्नीने पाडायच्या खाचा) मारले नव्हते, किंवा शटरिंगचं, म्हणजे काँक्रीटच्या साच्याच्या फळ्यांचं, तेल तसंच राहिलं होतं.
- बोट फिरवलं की धूळ लागते, सांध्यांचे ठसे जवळपास नाहीतच: भिंत न धुता, सांधे न खरवडता गिलावा केलाय.
- पाठीला विटेचा पातळ पापुद्रा चिकटून आलाय: गिलावा चांगला धरला होता, पण त्यामागची वीट फुटली. एक तर आत पाणी आणि क्षार साचलेत, नाहीतर माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) विटेच्या मानाने फार कडक होता.
- कापसासारखी पांढरी भुकटी: लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेला क्षार.
- तुकडा पातळ, आणि भिंतीवर आतला थर शाबूत: दोन थर एकमेकांना चिकटलेच नाहीत. आतला थर गुरमाळा (गिलावा घासायची सपाट फळी) फिरवून गुळगुळीत करून ठेवला, की हे हमखास होतं.
- बोटांत चुरा होतो: वाळूत माती होती, सिमेंट कमी पडलं किंवा गिलाव्यावर पाणी मारलं गेलं नाही.
- तांबूस डाग: आत लोखंड गंजतंय.
- वाटाण्याएवढा खड्डा आणि त्याच्या तळाशी पांढरा किंवा पिवळसर ठिपका: न विरलेल्या चुन्याचा कण नंतर पाणी पिऊन फुगला आणि त्याने वरचा गिलावा उडवला. तो कण खणून काढून खड्डा भरला की पुरतं.

जागा आणि भेगेचा आकार

तुकड्यानंतर भिंतीकडे पाहायचं. सगळ्या पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर गिलावा आक्रसलाय. माल श्रीमंत होता, म्हणजे त्यात सिमेंट जास्त होतं, वाळू फार बारीक होती, उन्हात भरभर वाळला, किंवा शेवटी कोरडं सिमेंट शिंपडून घासला गेला. हा दोष दिसायला वाईट असला तरी थापून पाहिल्यावर आवाज भरीव येत असेल तर गिलावा काढायची गरज नाही.

बीम किंवा कॉलमच्या कडेने सरळ रेषेत गेलेली भेग वेगळी. काँक्रीट आणि विटकाम उन्हात सारखं फुगत नाही आणि वाळताना सारखं आक्रसत नाही, त्यामुळे सांध्यावर गिलावा ताणला जातो. तिथे नुसती भेग भरली तर पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडणार. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेगही ताणाचीच असते.

विटांच्या सांध्यासांध्यातून जिन्याच्या पायऱ्यांसारखी उतरत गेलेली भेग दिसली, किंवा भेगेच्या दोन्ही कडा एका पातळीत नसल्या, तर गिलाव्याचा विषय तिथेच थांबवा. पाया खचतोय का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिलं पाहिजे. भेग जिवंत आहे की जुनी, हे तपासायला तिच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने आडवी खूण करा, शेजारी तारीख लिहा, आणि भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ टिकली बसवा. टिकली तडकली, किंवा भेग खुणेच्या पुढे सरकली, तर ती अजून हलतेय. एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहिल्याशिवाय "थांबली" असं म्हणू नये.

कॉलमच्या कडेने उभी, सळीला समांतर भेग आणि तिच्यातून तांबूस ओघळ असेल तर वरून गिलावा मारणं म्हणजे रोग झाकणं. गंजलेल्या सळीचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि तो जोर काँक्रीटलाही फोडतो. तिथलं सैल काँक्रीट सळीच्या मागेपर्यंत काढून, गंज खरवडून, गंजरोधक थर आणि पॉलिमर मॉर्टर असं वेगळं काम असतं. सळी बारीक झाली असेल तर तेही इंजिनिअरच्या सल्ल्यानेच.

आधी पाणी अडवा

बाहेरच्या गिलाव्याच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. गिलावा एकाच जागी पुन्हा पडतो, कारण पाणी त्याच वाटेने पुन्हा येतं. आणि पाणी शिरतं एका जागी, दिसतं दुसऱ्या जागी. पोकळ भागाच्या वर, थेट गच्चीपर्यंत नजर न्या.

गच्चीच्या कठड्याचा माथा पाहा. त्याचा उतार आत, गच्चीकडे हवा. तो बाहेर असेल, किंवा माथ्यावर भेग असेल, तर पाणी कठड्याच्या पोटात उतरतं आणि दीड-दोन मीटर खाली गिलावा फुगवतं. छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून २५ ते ४० मि.मी. आत, १० ते १२ मि.मी. रुंद आणि तेवढीच खोल खाच असायला हवी. ती नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत सरकत येतं. पाऊस चालू असताना छज्ज्याखाली उभं राहून वर पाहिलं की थेंब कुठे सुटतो ते दिसतं: कडेला सुटला तर ठीक, भिंतीपाशी सुटला तर खाच नाही किंवा रंगाने बुजली आहे. खाच बुजलेली असणं फार सामान्य आहे, आणि ती मोकळी करायला पंधरा मिनिटं लागतात.

खिडकीच्या खालच्या पट्टीचा उतार बाहेर आहे का, चौकट आणि भिंत यांच्यामधली फट भरली आहे का, पावसाच्या पाइपाचा सांधा गळतो का, क्लॅम्पची आणि जुन्या केबलची भोकं उघडी आहेत का, बाथरूममागची भिंत तर नाही ना, हे एकेक करून पाहा.

इतकं करूनही उगम सापडत नसेल तर नळीने पाणी मारून पाहता येतं. सुरुवात खालून करायची. एका पट्ट्यावर १०-१५ मिनिटं पाणी, मग आतून तपासणी, मग त्याच्या वरचा पट्टा. वरून सुरुवात केली तर सगळी भिंत भिजते आणि काहीच कळत नाही. ओल भिंतीतून येते की हवेतून धरते, हे बघायला अर्धा मीटर चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी टेप लावून एक-दोन दिवस चिकटवा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला दव धरलं तर ओल भिंतीतून येतेय.

पोकळ भाग शोधणं आणि कापणं

हातोडीच्या लाकडी दांड्याने किंवा नाण्याने भिंत हलकी वाजवत जा. भरीव गिलावा टणटण बोलतो, सुटलेला भदभद. आवाज बदलतो तिथे खडूने खूण करा, आणि खुणेच्या बाहेर चांगल्या भागात ५० ते १०० मि.मी. सोडून सरळ रेषांचा चौकोन आखा. वेड्यावाकड्या कडेचा पॅच चांगला बसत नाही, आणि त्याच्या टोकांपासूनच भेगा निघतात.

ग्राइंडरने त्या रेषांवर गिलाव्याच्या जाडीइतकाच छेद घ्या. विटेत पातं जाऊ देऊ नका. चौकोन आधी कापून घेतला की आतला गिलावा तोडताना बाहेरच्या चांगल्या भागाला धक्का बसत नाही. नाहीतर छिन्नी-हातोड्याच्या दणक्यांनी शेजारचा अर्धा मीटर आणखी पोकळ होतो, आणि "पॅच मारला तर बाजूचा पडला" ही तक्रार इथूनच जन्माला येते. तोडायला मधून सुरुवात करा, कडेकडे सरका. कडेला छिन्नी किंचित आत झुकवली तर नवा माल जुन्याच्या मागे अडकतो.

तोंडाला धूळ अडवणारा चांगला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच, कारण वाळूची बारीक भुकटी फुप्फुसात कायमची बसते. फार जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका.

उघडी पडलेली भिंत तारेच्या ब्रशने साफ करा आणि विटांचे सांधे १० ते १२ मि.मी. खोल खरवडा. काँक्रीटवर ३ मि.मी. तरी खोल असे दाट टाचे मारा. चार बोटांवर एक टाचा म्हणजे नावापुरतं काम. लोणा असेल तर तो आधी कोरडाच झाडून, खाली कागद घालून, गोळा करून दूर टाका. पाणी मारून धुतला तर विरघळलेला क्षार भिंत परत पिऊन घेते.

माल: इथे हात आखडायचा असतो

पॅच पक्का व्हावा म्हणून त्यात सिमेंट जास्त घालायची सवय आहे. पण श्रीमंत माल जास्त आक्रसतो, जास्त ताठ होतो आणि शेजारच्या मऊ जुन्या गिलाव्यापासून कडेने सुटतो. नियम असा की बाहेरचा प्रत्येक थर आतल्या थराच्या बरोबरीचा किंवा त्याहून मऊ हवा, आणि सगळ्यांत आतला थर भिंतीपेक्षा कडक नको. नेहमीच्या पक्क्या विटेवर आतला थर १:४ (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) किंवा १:५, बाहेरचा १:६. बाहेरच्या थरात चुना मिसळून सिमेंट, चुना, वाळू १:१:६ असा माल केला तर तो हाताला लोण्यासारखा लागतो, कमी तडकतो आणि जुन्या गिलाव्याशी जास्त जुळतो. चुना पूर्ण विरलेला आणि बारीक चाळलेला हवा.

एक चौरस मीटर, २० मि.मी. जाडी, १:५ प्रमाण: सांधे भरणं आणि सांडणं धरून साधारण ७ ते ८ किलो सिमेंट आणि २६ लिटर वाळू लागते. ५० किलोची गोणी म्हणजे सुमारे ३५ लिटर, म्हणून मोजायला एक बादली ठरवा आणि सिमेंट-वाळू दोन्हीला तीच वापरा. घमेल्याने मोजलं तर एक शिगोशीग आणि एक सपाट अशी घमेली पडतात आणि १:५ चं १:३ किंवा १:७ होतं. दमट वाळू फुगलेली असते. बारीक वाळू थोड्या ओलाव्यानेच २०-३० टक्क्यांपर्यंत जास्त जागा व्यापते. ओल्या वाळूने मोजलेला माल म्हणूनच नकळत श्रीमंत होतो.

वाळूची परीक्षा काचेच्या बरणीत: अर्धी बरणी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवा आणि काही तास न हलवता ठेवा. वाळूवर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जास्त दिसला तर ती वाळू धुऊन घ्या किंवा बदला. खारट वाळू आणि खारं पाणी बाहेरच्या गिलाव्याला चालत नाही; तो क्षार दर पावसाळ्यात हवेतली ओल ओढत राहतो.

कोरडा माल एकसारख्या रंगाचा होईपर्यंत मिसळा, मग पाणी घाला, आणि तासाभरात संपेल तेवढाच कालवा. घट्ट होत आलेल्या मालात पुन्हा पाणी घालून सैल केलेला माल थापीखाली छान पसरतो आणि नंतर चुरा होतो.

थर चढवणं

आदल्या संध्याकाळी भिंत भिजवा आणि कामाआधी तासभर पुन्हा पाणी मारा. पाण्याची चमक गेलेली, पण भिंत गारच, अशा वेळी माल लावायचा. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही. चमकत्या पाण्यावर माल घसरतो. एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंट-ब्लॉकची) गोष्ट वेगळी: त्याला चिंब भिजवू नका, हलका फवारा मारा.

काँक्रीटवर किंवा गुळगुळीत भिंतीवर आधी खरखरीत थर हवा. १ भाग सिमेंट आणि दीड ते दोन भाग जाड वाळूचा पातळ माल थापीने जोरात फटकारून मारा, ३ ते ५ मि.मी. तो घासू नका. काटे उभे राहिले पाहिजेत. दिवसभर दमट ठेवा, मग पुढचा थर. याऐवजी एसबीआर लॅटेक्स (पकड वाढवणारं दुधासारखं रबरी द्रव) आणि सिमेंटचा लेप लावायचा असेल तर प्रमाण डब्यावर दिलेलं पाळा आणि लेप चिकट असतानाच त्यावर माल मारा. वाळलेल्या लेपावर मारलेला गिलावा लेप न लावलेल्या गिलाव्यापेक्षाही लवकर सुटतो, कारण मधे गुळगुळीत पापुद्रा तयार झालेला असतो.

पहिला थर १० ते १२ मि.मी. एकदम १५ च्या वर जाऊ नका. जाड थर स्वतःच्या वजनाने लोंबतो आणि मागे पोकळी सोडतो. खड्डा खोल असेल तर तो आधी भरून एक दिवस जाऊ द्या. थर जरा घट्ट होताच त्यावर आडव्या नागमोडी रेघा ओढा, सुमारे ३ मि.मी. खोल. दोन-तीन दिवस दमट ठेवा, मग काही दिवस वाळू द्या, म्हणजे जेवढं आक्रसायचं तेवढं आक्रसेल आणि बारीक भेगा पडल्याच तर वरच्या थराखाली राहतील. घाईत दुसऱ्याच दिवशी वरचा थर मारला तर खालची भेग वरही उमटते.

बाहेरचा थर ६ ते ८ मि.मी. जुन्या कडांना पाण्याचा ब्रश फिरवून घ्या, माल कडेकडून आत दाबा, पट्टीने जुन्या पातळीला ओढा. गुरमाळा कधी फिरवायचा ते बोटाने कळतं: दाबलं तर हलका ठसा उमटतो, पण बोट ओलं होत नाही. त्याआधी घासलं तर सिमेंटची मलई वर येते आणि तीच नंतर जाळीदार तडकते. जुना पोत दाणेदार असेल तर ओल्या स्पंजने गोलाकार फिरवून वाळूचे दाणे उघडे करा. पोत आधी फळीवर करून, वाळवून, भिंतीशेजारी धरून बघितलेला बरा.

सावली सरकेल तसं काम सरकवा. तापलेल्या भिंतीवर किंवा ५ अंशांखालच्या थंडीत गिलावा करू नका. दुसऱ्या दिवसापासून किमान ७ दिवस, दिवसातून दोन-तीनदा बारीक फवाऱ्याने पाणी मारा आणि उन्हाच्या बाजूला ओलं गोणपाट लटकवा. सकाळी एकदा बादली ओतून दुपारी भिंत कोरडी ठणठणीत, याला पाणी मारणं म्हणत नाहीत.

बीमचा सांधा आणि भेगा

सांध्याच्या दोन्ही बाजूंना १५० मि.मी. येईल अशी ३०० मि.मी. रुंद, जस्त चढवलेली जाळी किंवा अल्कलीला टिकणारी काचतंतूंची जाळी वापरा. ती गिलाव्याच्या जाडीच्या मधोमध राहायला हवी. भिंतीला घट्ट चिकटलेल्या जाळीच्या मागे माल शिरत नाही, आणि ती स्वतःच गिलाव्याला भिंतीपासून दूर ठेवते. म्हणून खिळ्याखाली छोटा वॉशर घालून तिला ५-६ मि.मी. उचला. खिडकीच्या कोपऱ्यावर भेगेला आडवा पडेल असा तिरपा तुकडा वेगळा लावा.

केसासारख्या भेगा भरायला जाऊ नका. त्यावर ताणणारा बाह्य रंग पुरतो. त्याहून मोठ्या, पण न हलणाऱ्या भेगा व्हीच्या आकारात ५ ते १० मि.मी. उघडा, धूळ झाडा, अ‍ॅक्रिलिक भेगभरण दोन वेळा भरा. हलणाऱ्या भेगेत सिमेंट घालू नका. तिला पॉलियुरेथेन सीलंट लागतं, मागे फोमची दोरी घालून, खोली रुंदीच्या निम्मी. सिलिकॉनवर रंग धरत नाही.

जोत्याजवळचा लोणा

खालच्या मीटरभरात गिलावा दरवर्षी फुगत असेल तर आधी बाहेरची जमीन बघा. अंगणाची फरशी किंवा माती चढत चढत ओलरोधक थराच्या (जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून जोत्यावर घातलेल्या थराच्या) वर गेली असेल, किंवा गिलावा तो थर ओलांडून मातीत टेकला असेल, तर पाणी गिलाव्यातूनच वर चढतं. माती ओलरोधक थराच्या १५० मि.मी. खाली आणा आणि गिलावा जमिनीपासून वर थांबवा. ओलीच्या सर्वांत वरच्या डागापेक्षा ३०० मि.मी. वरपर्यंत जुना गिलावा काढा, सांधे खरवडा आणि भिंत उघडी राहू द्या. जाड भिंत वाळायला महिने लागतात, २५ मि.मी. जाडीला एक महिना हा जुना अंदाज धरा. इथे बाहेरून वॉटरप्रूफ रंग फासणं सगळ्यात महागात पडतं: पाणी आतच अडकतं आणि क्षार रंगामागे स्फटिक धरून अख्खा थर ढकलतो.

भिंत मूळची चुन्याची, मऊ विटेची किंवा दगडाची असेल तर दुरुस्तीही चुन्याचीच करा. सिमेंटचा पॅच ओल बाहेर सोडत नाही, त्याच्या कडेने विटा कुजायला लागतात आणि पॅच शाबूत राहून भिंत झिजते.

रंग लावण्याआधी

नव्या गिलाव्याला २८ दिवस द्या. तो तीव्र अल्कलीयुक्त असतो. घाईत लावलेला तेलरंग साबणासारखा चिकट होऊन सुटतो. अल्कलीरोधक प्रायमर लावा आणि रंग फक्त पॅचला न देता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्ख्या भागाला द्या, नाहीतर चौकोन कायम उठून दिसेल. प्रायमरआधी पॅच आणि त्याच्या चारही कडा पुन्हा वाजवून घ्या. कुठे भदभद आलं तर तेवढाच भाग आत्ता काढा. रंगाखाली गेल्यावर तो पुढच्या पावसातच सापडेल. त्या पहिल्या मोठ्या पावसात छज्ज्याखाली एकदा उभं राहून थेंब कुठे सुटतोय ते परत बघा.